रंगानं धरलेली फळी

आधीच सांगून टाकतो — भूत, आत्मा, करणी, ह्यातलं मी काही मानत नाही. मानणार तरी कसा? उमापुरात जेवढ्या म्हणून भुताच्या गोष्टी निघाल्या, त्यातल्या निम्म्या माझ्याच गळ्यातून निघालेल्या आहेत. चिंचेखाली रडणारी बाई — मी. शाळेमागच्या विहिरीतून "वर काढा" म्हणणारा म्हातारा — तो पण मीच. आमचे हेडमास्तर सायकल टाकून पळाले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच आवाजात सातवी-ब ला सुट्टी देऊन टाकली. तेव्हा तुमच्या ह्या सदरात लोक जे लिहितात ना — पांढरी साडी, उलटे पाय — ते वाचून मला हसू येतं. राग नका मानू.

पण एक गोष्ट माझ्याच गळ्यात घडली. ती काही मला हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून लिहितोय.

चार वर्षं झाली. बारावीला इंग्रजीनं माझी दांडी उडवली आणि आईनं मला बीडला बब्रुमामाकडं धाडलं. मामाचं एसटी स्टँडच्या मागं बोर्ड रंगवायचं दुकान. त्या टायमाला मामाला जेवायला फुरसत नव्हती. रोज एक एसटीडी बूथ निघायचा, रोज एक कोचिंग क्लास. केबलवाले, थंड पेयवाले, झेरॉक्सवाले... बीडमध्ये एक भिंत मोकळी राहिली नव्हती. मामा शिडीवर आणि मी खाली — डबे हलवायचे, अक्षरांच्या पोटात रंग भरायचा आणि तोंड चालू ठेवायचं. मामाला रेडिओ चालायचा नाही, मध्ये जाहिराती लागतात म्हणून. "लाव बे पिंट्या," म्हणायचा, की मी सुरू. एसटीचा कंडक्टर, टीव्हीवरची बातम्यावाली बाई, मोंढ्यात लिलाव पुकारणारा अडत्या, कोर्टाचा शिपाई. फर्माईश सांगेल ते.

त्या एप्रिलात मामाला एक सरकारी काम लागलं. नेकनूरहून पुढं एसटीनं पाऊण तास, एका तलावावर. तलावाचं नाव लिहीत नाही — ह्या गोष्टीतली माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत, कावून त्यांना त्रास? तर — मातीची भिंत, भिंतीखाली आठ-दहा क्वार्टर, एक पत्र्याचं स्टोअर, स्टोअरला लागून लिंबाचं झाड. आणि स्टोअर आणि लिंब ह्यांच्या मधोमध, चार ड्रमांवर पालथी घातलेली... एक नाव.

बीड जिल्ह्यात नाव! आम्ही पण हसलो. बरं, साधी न्हाई, शिडाची. सोळा फूट लांब. पूर्वी तिथं कोकणातले एक साहेब होते, त्यांनी हौसेनं ट्रकवर घालून आणलेली. साहेबांची बदली झाली, नाव राहिली. आता नव्या साहेबांच्या डोक्यात बोट क्लब शिरला होता. एक मेचं झेंडावंदन झालं की कॉलनीतल्या लेकरांना शिडाच्या नावेतून पहिली चक्कर, पाहुण्यांच्या हस्ते नारळ, पेपरात फोटो. आमचं काम एवढंच — नावेच्या तळाचा जुना रंग पार लाकडापर्यंत खरवडून काढायचा आणि नवीन मारायचा.

मामानं शटर रंगवले होते, ट्रकचे फाळके रंगवले होते, देवळाचे दरवाजे रंगवले होते. नाव पहिल्यांदा बघत होता. चारी बाजूनं फिरला आणि म्हणाला, "काय न्हाई बे. पालथं घातलेलं दार हाय हे."

सगळा घोळ ह्या एका वाक्यात होता. पण तेव्हा ते कुणाला कळणार?

नाव दत्ताच्या ताब्यात होती. दत्ता म्हणजे पाटबंधारे खात्यातला खलाशी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याचा बाप लिंबाजी पण तिथंच खलाशी होता. कोकणातल्या साहेबांकडून शीड लावायला शिकला, आणि साहेब गेल्यावर नाव त्यानंच सांभाळली. दोन वर्षांमागं काविळीनं गेला. त्याच्या जागी दत्ता लागला. एक मेला सुकाणू धरून दत्ताच बसणार होता. त्याची आई, गयाकाकू, स्टोअरसमोरच्या क्वार्टरात. आम्हाला दोन टाइम चहा तिच्याकडून. न मागता.

आता तो तळाचा रंग. साधा रंग नव्हता तो. विटकरी, खडूसारखा, हात लावला की पावडर हाताला. दत्ता म्हणाला, "पेंटर, समिंदरातल्या बोटीला मारतेत हे. शेवाळ धरू नये म्हणून जहर असतंय ह्यात. कोरडं घासू नका."

"वीस वर्षं झाली रंगच खातोय मी," मामा म्हणाला आणि कोरडंच घासलं. संध्याकाळी दोघांच्या जिभा कडू. भाकरी कडू, पाणी कडू, काकूचा चहा पण कडू. दुसऱ्या दिवशी मामानं गुपचूप तोंडाला ओला रुमाल बांधला. मग फळीवर पाणी मारायचं, जरा मुरू द्यायचं आणि पत्र्यानं खरवडायचं. ओली खपली सुटते तेव्हा लई मजा येते हो. चार-चार थर एकदम. वर विटकरी, खाली निळा, खाली परत विटकरी, मग एक काळा, आणि त्याच्याखाली सागाचं पिवळं लाकूड — आताच रंध्यातून निघाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॉलिश पेपर संपला. मामानं मला नेकनूरला पिटाळलं. जाताना गाडी मिळाली, येताना हुकली. परत आलो तेव्हा साडेपाच झालेले. बघतो तर मामानं स्टोअरच्या अंगाचं मागचं टोक खरवडून, वरून रेड ऑक्साइडचा, म्हणजे लाल अस्तराचा, हात पण मारून टाकलेला.

"एवढं पटपट?" मी म्हणालो.

"तू नसला की काम होतंय बे."

मी लिंबाच्या अंगाला लागलो. स्टोअरच्या अंगाला मी पुन्हा गेलोच नाही. काम राहिलं नव्हतं तिकडं. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

तिसरा दिवस. दुपारचे साडेबारा-एक. जेवणं झाली होती. ऊन असं, की तलावाचं पाणी सुद्धा हलायचा कंटाळा करत होतं. मामा लिंबाखाली टॉवेल तोंडावर घेऊन आडवा, मी उभ्यानं खरवडतोय.

"लाव बे," टॉवेलाखालून आवाज आला.

मी कंडक्टर लावला. "मांजरसुंबा उतरा, मांजरसुंबा—"

"झालाय तो."

लिलाव लावला.

"झालाय. तीन दिवस झाले तेच तेच. नवीन काढ की काईतरी."

आता माझं नकलेचं गणित सांगतो. मला आधी माणूस दिसावा लागतो. मान कशी धरतो, बोलायच्या आधी ओठ कुठं नेतो, हात कुठं ठेवतो. माणूस दिसला, की आवाज आपला मागून येतो. त्या दुपारी मला कुणीच दिसलं नाही. काय लावावं ते सुचत नव्हतं, आणि मी नुसतं तोंड उघडलं.

आवाज आला तो बारीक. नाकातला. दोन शब्दांच्या मध्ये दम खाणारा.

"थांब बाबा... थांब की. स्टोअरच्या अंगाला... मागच्या टोकापासून हातभर... कण्यापासून चौथी फळी. दाबून बघ. फुलली हाय ती. रंगानं धरलंय तिला... लाकडानं न्हाई."

मामा आधी हसला. टॉवेल हललेला मला दिसला. मग हलायचा थांबला. त्यानं टॉवेल काढला आणि उठून बसला.

"कुणाचा हाय हा?"

"काय म्हाईत. आपोआप आला."

"तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

तेवढ्यात मागं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. गयाकाकू किटली घेऊन आली होती. कधी आली, कुणास ठाऊक. किटली तिनं जमिनीवर ठेवली आणि स्वतः पण तिथंच टेकली.

एक सांगतो, वाचकहो — अंगावर काटा बिटा काही नाही. वारा सुटला नाही, कुत्रं रडलं नाही. लिंबावर एक खार होती, ती पण आपल्या कामात होती.

"पोरा," काकू म्हणाली, "तू आमच्या ह्यास्नी कधी भेटलतास का?"

"न्हाई काकू. मी पयल्यांदाच आलोय इकडं."

"बीडला बघितलं असशील. दवाखान्यात?"

"दोन वर्षांमागं मी उमापुरात होतो काकू. अकरावीला."

"मग असा दम खाऊन बोलायचं कुठं शिकलास तू? आन फुलली म्हणायचं? दुसरं कुणी सडली म्हणतंय, कुजली म्हणतंय. लाकडाला फुलली हे एकटेच म्हणायचे." मग ती म्हणाली, "परत म्हण बरं."

मी म्हणून बघितलं. शब्द तेच, आवाज माझा. परत बघितलं. नाकातून काढला, दम खाल्ला, सगळं केलं — नक्कल झाली, आणि ती पण भंगार. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. एकदा काढलेला आवाज मला पुन्हा येत नाही, असं होतच नाही.

"बास झालं बे!" मामा खेकसला. "वहिनी, येडं हाय ते. काईबी बडबडतंय. मनावर घेऊ नका."

"मनावर न घेऊन कसं भागंल, पेंटर? दत्ता बसणार हाय त्याच्यात. आन त्याच्याबरूबर आठ लेकरं. दत्ताला पवता येतंय. लेकरायला?"

मामा उठला, नावेला वळसा घालून स्टोअरच्या अंगाला गेला आणि उभा राहिला. मी मागून गेलो. सगळीकडं रेड ऑक्साइड, गुळगुळीत, एकसारखं. काही दिसत नव्हतं.

"मामा, काय झालं?"

माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "काल तू नेकनूरला गेलतास तवा इथं लाकूड जरा मऊ लागलं. बोटभर. लांबी भरली मी."

लांबी म्हणजे खडूची पावडर आणि जवसाचं तेल मळून करतात ती. दाराला भेग गेली — लांबी. खिळ्याचं भोक पडलं — लांबी. भरायची, सुकली की पेपर मारायचा, वर रंग. मामाच काय, बीडातला कुठलाही पेंटर हेच करणार. त्यात खोट नाही. फक्त दाराला कुणी कधी तलावात सोडत नाही.

"कुणाला बोललात का तुमी?"

"कुणाला बोलू? दाराला लांबी भरली म्हणून कुणी दवंडी देतंय का बे?"

त्यानं कण्यापासून — तळाच्या मधोमध लांबलचक लाकूड असतं त्याच्यापासून — फळ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मागच्या टोकापासून हात लावून बघितला — कोपरापासून बोटापर्यंत, बरोबर एक हात. मग पटाशी घेतली आणि टेकवली. ठोकली नाही, नुसती टेकवली. लांबीचा अख्खा गोळा बिस्किटासारखा निघून खाली पडला. मागं काळं लाकूड. मामानं जरा जोर दिला आणि पटाशी मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली तर पात्याला भिजलेल्या पावासारखा चोथा.

बोटभर नव्हतं ते. मामाला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या तोंडावरून मला कळलं ते.

मामा तिथंच बसला. काकू कधीची मागं येऊन उभी राहिली होती. तिनं ते भोक बघितलं, मामाकडं बघितलं आणि कपात चहा ओतला. "घ्या," म्हणाली. "गार होतोय."

मामाला तेव्हा पुन्हा लांबी भरता आली असती. बघणारे आम्ही तिघं. त्यातली एक दत्ताची आई होती, हे खरं, पण मामा साहेबांकडं गेला तो तिच्या भीतीनं, असं मला वाटत नाही. चहा पिऊन कप उलटा ठेवला आणि तसाच, रंगाच्या हातानं, साहेबांच्या ऑफिसात. मी दारात.

"साहेब, एक तारखेला नाव सोडू नका. एक फळी गेलीय. मला कळली न्हाई, मी वरून बुजवलती. चूक माझी हाय."

साहेब तापले. पाहुण्यांना निमंत्रण गेलेलं, मंडप सांगितलेला. "तीन दिवस काय झोपले होते का? आणि आज कसं काय कळलं तुम्हाला?"

मामानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतो.

"पटाशीनं," मामा म्हणाला.

एक मेला नुसतं झेंडावंदन झालं. नाव तशीच पालथी. नेकनूरहून बैलगाड्या करणारा एक सुतार आणला. त्यानं पण जन्मात नाव बघितली नव्हती. "लाकूड ते लाकूड," म्हणाला आणि फळी काढायला घेतली. दोन हात लांब फळी गेलेली होती. नवा साग बसवला. फटीत काय भरायचं ते दत्ताला बापानं शिकवलेलं — सुताची दोरी डांबरात बुडवून ठोकायची. सुतार ठोकत होता, दत्ता सांगत होता, आणि मामा लांबीच्या डब्याकडं बघत पण नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सोप्पं आहे. लिंबाजीला जिवंतपणीच फळी माहीत असंल, घरात बोलला असंल, दत्तानं तुला कधीतरी सांगितलं असंल आणि तू विसरलास. मी पण असंच मनाला समजावलं होतं. पण फळी हातात घेऊन सुतार म्हणाला, "हे जुनं न्हाई. लई तर दोन पावसाळे." आणि वर बोट दाखवलं. स्टोअरच्या पत्र्याची पन्हाळ फुटलेली होती, तिची धार नेमकी त्या जागेवर. दत्ता म्हणाला, "पन्हाळ तर दादा गेल्यावर फुटली. मागल्या पावसाळ्याच्या आधी." दादा म्हणजे त्याचा बाप.

म्हणजे लिंबाजीनं ती फळी बघितली असंल, तर ती धडधाकटच बघितली असंल.

बरं, मामानं झोपेत बडबड केली आणि ती माझ्या कानावर पडली, असं धरा. मामा झोपेत घोरतो, बोलत नाही. खरवडताना कानाला पोकळ आवाज आला असंल? मी त्या अंगाला पत्रा लावलाच नव्हता. ह्याच्या पुढं माझं डोकं चालत नाही.

पाच-सहा दिवसांनी नाव पाण्यात घातली. सकाळचे आठ वाजले असतील. पाहुणे नव्हते, फोटोवाला नव्हता. साहेब, दत्ता, काकू आणि काठावर आठ लेकरं, तेल लावून भांग पाडलेली. मामानं अट घातली होती, "आदी आमी दोघं बसणार. मग लेकरं."

"दोघं कावून?" मी म्हणालो. "मला पवता येत न्हाई."

"मला तरी कुठं येतंय? बस बे गप."

बसलो. दत्तानं शीड चढवलं, जुनं, दोन ठिकाणी ठिगळाचं. जरासा वारा होता. नाव एका बाजूला कलली आणि मामानं दोन्ही कडा अशा धरल्या, की बोटं पांढरी पडली. मी आत वाकून चौथ्या फळीवर तळहात ठेवला. तो मी पूर्ण चक्कर होईपर्यंत उचलला नाही. पाण्याची थरथर हाताला लागत होती, एवढंच. फळी कोरडी.

अर्ध्या तलावात मामा म्हणाला, "पिंट्या... लाव बे काईतरी. जीव घाबरा होतोय."

मी तोंड उघडलं. त्या दिवशीसारखंच, कुणाला डोळ्यापुढं न आणता. थांबलो. काही आलं नाही. मग मी कंडक्टर लावला. मामा पहिल्यांदा "झालाय तो" म्हणाला नाही.

काठाला लागलो, उतरलो, आणि लेकरं चढली. त्यांच्या किंकाळ्या पार भिंतीवरून ऐकू येत होत्या. दत्ता सुकाणूवर बसून हसत होता. दुसरी चक्कर, मग तिसरी. साहेब पण तिसरीला बसले.

काकू माझ्याजवळ आली. आजूबाजूला कुणी नाही ते बघितलं आणि हळूच विचारलं, "नावंत बसल्यावर... काय बोलले का रे ते?"

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. एक आवाज काढून द्यायचा, माझ्यासाठी काय अवघड होतं? पण तिनं मला "परत म्हण" म्हटलं होतं आणि माझी भंगार नक्कल ऐकली होती. तिला फरक कळला असता.

"न्हाई काकू," मी म्हणालो. "काईच बोलले न्हाईत."

मला वाटलं, तिला वाईट वाटंल. तिनं पदरानं तोंड पुसलं, पाण्यात दत्ताचं शीड कुठंपर्यंत गेलं ते बघितलं, आणि म्हणाली —

"मग बरं हाय. सगळं नीट असलं, की ते कधी बोलायचेच न्हाईत."

चार वर्षं झाली ह्याला. नकला अजून करतो, आता गणपतीत स्टेजवर पण बोलावतात. तो एक आवाज पुन्हा कधी आला नाही. तेव्हा कुठून आला होता, हे मला आजही सांगता येत नाही. आता का येत नाही — तेवढं काकूनं सांगितलंय.